एक लांब शिट्टी

हिल्डा नॅट्रस कुणाच्या बापाला भीत नाही, असं आमच्या खोऱ्यात सगळे म्हणायचे. सगळ्यांचं चुकत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात ऐंशी पोरांचं जेवण ती एकटी रांधायची. मुख्याध्यापक उशिरा जेवायला आले तर त्यांना थंड बटाटे वाढायची आणि वर "घड्याळ दुरुस्त करून घ्या" असं सुनवायची. एकदा उधळून रस्त्यावर आलेला बैल तिने हातातल्या झाडूने हाणत परत कुरणात घातला होता. पण तिचा काळा लॅब्रॅडॉर कुत्रा, रूक, शेताच्या एखाद्या दगडी गडग्यामागे दिसेनासा झाला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. तिच्या नवऱ्याला, राल्फला, हे ठाऊक होतं. पण दगडाच्या खाणीत काम करणारा राल्फ मुळात बोलायचाच कमी, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

भीतीला कारण होतं. कारणाचं नाव पेग, म्हणजे रूकची आई.

शाळेच्या स्वयंपाकाखेरीज हिल्डाचं दुसरं काम कुत्र्यांचं. ऑगस्टपासून डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत वरच्या, हेदरच्या खुरट्या झुडपांच्या रानात तितराएवढ्या ग्राउझ पक्ष्यांची शिकार चालते. हाकारे घालणारी माणसं पक्षी उठवतात, बंदूकवाले दगडी आडोशांत उभे राहून मारतात, आणि त्यांच्या मागे दोन-तीनशे पावलांवर हिल्डासारख्या बायका कुत्री घेऊन उभ्या असतात. पडलेला पक्षी, त्यातही जखमी होऊन पळालेला, हुंगून शोधायचा आणि आणून द्यायचा, हे कुत्र्याचं काम. नाक त्याला देवाने दिलेलं असतं, ते शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते थांबायला. एक लांब शिट्टी वाजली की असेल तिथे बूड टेकायचं, मग समोरून ससा जावो की कानाशी बंदूक उडो, आणि मालक सांगेपर्यंत उठायचं नाही. पिप-पिप-पिप अशा तीन आखूड शिट्ट्या वाजल्या की परत यायचं. एवढीच बाराखडी. पण ती कुत्र्याच्या अंगात मुरायला दोन वर्षं जातात, आणि बिघडायला एक दुपार पुरते.

पेगला ती पाठ होती, निदान हिल्डाला तसं वाटायचं. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये चॅपलच्या वळणावर हिल्डाने तिला रस्त्याच्या अलीकडे बसवलं आणि पलीकडचं फाटक लावायला गेली. फाटक गडग्याच्या आतल्या बाजूला. हिल्डा नजरेआड झाली ती जेमतेम मिनिटभर. पेग उठली आणि तिला शोधायला निघाली. वळणावरून दुधाचा ट्रक येत होता. ड्रायव्हर खाली उतरून ढसाढसा रडला. हिल्डा रडली नाही. तिने कुत्री उचलली, घरी नेली, परसात सफरचंदाच्या झाडाखाली पुरली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी शाळेत जाऊन ऐंशी पोरांसाठी मटणाचा रस्सा केला. घरात पेगची अकरा आठवड्यांची सहा पिल्लं होती. पाच देऊन टाकली, एक ठेवलं. तोच रूक.

रूक हुशार निघाला. लांब शिट्टीला बसायला तो आठ दिवसांत शिकला. पण तो असा पन्नास पावलांवर बसला, मान वर करून हिल्डाकडे बघायला लागला, की तिच्या डोळ्यांसमोर ते वळण उभं राहायचं. एक, दोन, तीन... चार म्हणायच्या आत शिट्टी तोंडात जायची. पिप-पिप-पिप. कुत्रा धावत येऊन तिच्या गुडघ्यांवर आदळायचा, ती त्याचं डोकं पोटाशी धरायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. वर्षभर, रोज सकाळ-संध्याकाळ, हाच कार्यक्रम. माणूस भीतीपोटी काय काय करतो आणि त्याला काळजी म्हणतो.

नोव्हेंबरात तिने रूकला पहिल्यांदा वरच्या रानात नेलं. पहिल्या हाकाऱ्यात पक्षी पडले, रूक सुटला, हिल्डाने लांब शिट्टी मारली. रूक बसला. एक श्वास घेतला आणि कुणी न बोलावता उठून परत आला. हिल्डाने ओठ चावला. तिसऱ्या हाकाऱ्यात समोरून एक पांढुरका ससा उठला. लांब शिट्टी. रूकचं बूड जमिनीला लागलं न लागलं, तो उठला तो सशामागे, आणि टेकाडाच्या पलीकडे खालच्या रानात गेला. हिल्डा शिट्ट्या मारत राहिली, लांब, आखूड, जी तोंडात येईल ती. मग नावाने हाका मारायला लागली, तेव्हा तिचा आवाज कुत्री घेऊन शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही ओळखू येईना. दहा मिनिटांनी रूक जीभ लोंबवत परतला तेव्हा ती हेदरमध्ये खाली बसली होती.

त्या रानाचा मुख्य रखवालदार व्हिटफील्ड हा मितभाषी, धिप्पाड माणूस. दिवस संपल्यावर तो तिच्याजवळ आला.

"मिसेस नॅट्रस, खालचं रान पोकळ आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको."

नकोच होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. शिशाच्या खाणी शंभर वर्षांपूर्वी बंद पडल्या. खाणवाल्यांनी खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींच्या तोंडांवर लाकडं टाकली, वर माती लोटली आणि चालते झाले. माती राहिली, वर गवत उगवलं, खालची लाकडं कुजली. दर दोन-चार वर्षांनी एखादी मेंढी चरता चरता दिसेनाशी होते. दगड टाकला तर तळ लागल्याचा आवाज यायला वेळ लागतो.

"तुमच्या कुत्र्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही," व्हिटफील्ड म्हणाला. "पण कुत्रं पडलं की त्याच्यामागे बाई उतरते. मग मला दोघांना वर काढावं लागतं. दहा डिसेंबरला शेवटची शिकार आहे. तोवर तो बसायला शिकला तर आणा. नाहीतर हे रान त्याचं नाही."

घरी राल्फने चहा ओतला. "बांधून ठेव त्याला."

"किती दिवस?"

"मरेपर्यंत. तो किंवा मी, ज्याचा नंबर आधी लागेल तो."

हिल्डाला हसू आलं नाही. त्यांच्या मागच्या दारापासून परस, परसापासून कुरण, कुरणापासून रान. कुत्र्याच्या नाकाला रानाचा वास चोवीस तास येणार. फाटक एकदा तरी उघडं राहणार, दोर एकदा तरी तुटणार. त्या दिवशी तो थांबला तर जगेल, नाही थांबला तर रान त्याला गिळेल, आणि तिला कुठे शोधायचं हेसुद्धा कळणार नाही. आईला रस्त्याने नेलं. पोराला माझ्या हाताने घालवायचं का, हे तिच्या डोक्यात रात्रंदिवस घोळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती कुरणात रूकला घेऊन उभी असताना गडग्यावरून आवाज आला.

"पोरी, काय करतेयस तू?"

आयझॅक पीअर्ट. वय अठ्ठ्याहत्तर. व्हिटफील्डच्या आधी तीस वर्षं त्या रानाचा रखवालदार. गुडघे गेल्यापासून तो खिडकीत बसून शेजाऱ्यांचं कुठे चुकतं ते बघायचा, आणि राहवलं नाही की काठी टेकत सांगायला यायचा.

"बसायला शिकवतेय, मिस्टर पीअर्ट."

"छे. तू त्याला उठायला शिकवतेयस."

हिल्डाने कमरेवर हात ठेवले. शाळेत ती असे हात ठेवते तेव्हा पोरं पांगतात. आयझॅक पांगला नाही.

"लांब शिट्टी मारलीस. बसला. मग काय केलंस?"

"बोलावलं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग त्याच्या टाळक्यात काय शिरलं? लांब शिट्टी म्हणजे आता बाई बोलावणार, निघा. हुशार आहे, म्हणून तू बोलवायच्या आधीच निघतो. मठ्ठ असता तर तुझं बिंग फुटलं नसतं." त्याने काठीने रूककडे बोट दाखवल्यासारखं केलं. "नऊ वेळा आपण चालत जायचं त्याच्याकडे. तिथेच पाठ थोपटायची, तिथेच सोडून परत यायचं. त्याला कळलं पाहिजे की सुख आहे ते बसल्या जागी. दहाव्यांदा वाटलं तर बोलव. नाही बोलावलंस तरी काही बिघडत नाही."

"हे मला ठाऊक आहे. पेगला मी असंच..." तिचं वाक्य तिथेच राहिलं.

आयझॅकने दुसरीकडे बघितलं. "ठाऊक असतं गं सगळ्यांना. पायांना कळायला वेळ लागतो." मग घसा खाकरून तो नेहमीच्या खवचट सुरात म्हणाला, "आजपासून तुझ्या शिट्टीतून एकच लांब आवाज निघेल. माझं घर इथून शंभर पावलांवर आहे आणि कान अजून शाबूत आहेत. पिप-पिप ऐकू आली की माझ्या दारात एक आल्याचा केक."

पहिल्या आठवड्यात तीन केक गेले.

"साखर वाढली तर डॉक्टरांना तुझं नाव सांगीन," म्हातारा दारातून ओरडला.

दुसऱ्या आठवड्यात एक गेला. मग बंद. हिल्डा चालायला लागली. शिट्टी, बसला, ओलं गवत तुडवत शंभर पावलं, पाठ थोपटली, शंभर पावलं परत. तिच्या पिंढऱ्या दुखायला लागल्या. रूक पहिले चार दिवस बुचकळ्यात पडला, उठायला बघायचा. मग एका सकाळी तो बसला आणि नुसता बसला. त्याचे खांदे सैल पडले आणि त्याने जांभई दिली. हिल्डाला हे लांबूनही दिसलं.

खरा प्रश्न पुढे होता. नजरेआड व्हायचं.

आयझॅक तिला हाताला धरून गडग्यामागे घेऊन गेला. दोघं दगडांना पाठ लावून बसले. पलीकडे, कुरणात, रूक. मध्ये दगड. हिल्डाला वाऱ्यात ट्रकचा आवाज ऐकू येत होता. रस्ता तिथून मैलभर लांब होता आणि त्यावर एकही ट्रक नव्हता.

"किती झाला वेळ?" तिने विचारलं.

"चाळीस सेकंद."

"तुमचं घड्याळ बंद पडलंय."

"मान वळवू नकोस." त्याने तिच्या कोटाची बाही मुठीत घट्ट धरली. "डोकावलीस की त्याला कळतं, बाईची खात्री नाही. बाईची नाही तर मी कशाला बसू? आणि ऐक. शिट्टी पुन्हा मारायची नाही. 'बस' म्हणून झालंय ना? झालं. दुसऱ्यांदा सांगितलंस की पहिलं सांगणं खोटं ठरतं."

दीड मिनिटाला तिला ओकारी आली. ती गडग्याला धरून ओकली. म्हाताऱ्याने मान वळवली, पण बाही सोडली नाही.

असे तीन आठवडे गेले. दोन मिनिटं, तीन, चार. एकदा चौथ्या मिनिटाला गडग्याच्या कोपऱ्यावरून काळं डोकं डोकावलं, शेपूट हलवत, सापडलात म्हणून खूश. हिल्डाने तोंड उघडलं. "ओरडू नकोस," आयझॅक पुटपुटला. "घेऊन जा आणि त्याच जागी बसव. त्याच गवताच्या काडीवर. शेजारची काडी चालायची नाही." तिने नेलं. बसवलं. परत येताना एकदाही मागे वळून बघितलं नाही.

डिसेंबरच्या नऊ तारखेला रूक सात मिनिटं बसला. त्याच्यापुढे हिल्डाने कधी नेलंच नाही. तिची तेवढीच ताकद होती.

दहा तारखेला पहाटेपासून बर्फ पडत होता. सकाळी नऊ वाजता थांबला. व्हिटफील्डने हिल्डाकडून रूकला एकदा लांबून थांबवून बघितलं, मान डोलावली, आणि तिला डावीकडच्या टोकाला उभं केलं. दिवस चांगला गेला. रूकने अकरा पक्षी आणले, प्रत्येक शिट्टीला बसला. शेवटचा हाकारा झाला, कर्णा वाजला, बंदूकवाले रस्स्याच्या आणि व्हिस्कीच्या ओढीने खालच्या झोपडीकडे निघाले. तेवढ्यात व्हिटफील्डच्या माणसाने टेकडीवरून हात हलवून दाखवलं: एक जखमी पक्षी टेकाडापलीकडे गेलाय. जखमी पक्षी रानात टाकून घरी जायचं नाही, हा आमच्याकडचा धर्म. हिल्डाने रूकला सोडलं.

तो टेकाडावरून उतरला, पांढऱ्या सपाटीवरून सरळ धावत पलीकडे गेला, हेदरच्या एका झुडपात नाक घातलं आणि पक्षी तोंडात धरून वळला. हिल्डा टेकाडाच्या माथ्यावर पोचली तेव्हा तो परत निघाला होता. दीडशे पावलं असतील. आणि तिला सपाटीवर काहीतरी दिसलं.

बर्फात एक गोल खळगा होता, परातीएवढा. त्याच्या डावीकडे आणखी एक. उजवीकडे दोन. चारही एका रेषेत. जाताना उमटलेली रूकची पावलं पहिल्या खळग्याला वीतभर अंतरावरून घासून गेली होती, आणि ती बघत असतानाच त्या पावलांच्या कडेचा बर्फ आवाज न करता खचला आणि आत गेला. तिथे काळं भोक राहिलं.

जमिनीतल्या शिशाची रेघ जिथून जाते तिथून विहिरी जातात, एकामागून एक. बर्फाने सगळं रान एकसारखं केलं होतं, आणि रेघ गडग्यापलीकडे आहे असा तिचा समज होता. तिने कुत्रा पोकळ जमिनीवर सोडला होता, आणि तो पक्षी घेऊन आपल्याच पावलांवरून तिच्याकडे धावत येत होता, कारण तिने त्याला सरळ यायला शिकवलं होतं.

शिट्टी तोंडात कधी गेली तिला कळलं नाही. एक लांब आवाज.

रूक बसला. भोकाच्या पलीकडे, दहा पावलांवर. तोंडात पक्षी. मान वर.

आता काय? बोलावलं तर तो सरळ येणार. डावीकडे किंवा उजवीकडे वळवायचा तर तिथेही खळगे दिसत होते, न दिसणारे किती कोण जाणे. ती स्वतः गेली तर तिच्या वजनाने तिच्याच पायाखालचं जाणार, आणि ती पडलेली दिसली की तो धावत येणार. एकच वाट होती. टेकाडामागून गडग्याच्या कडेने मेंढ्यांची वाट खाली फाटकापर्यंत जाते, तिथून वळसा घालून पलीकडून वर चढते. ती जमीन घट्ट आहे, मेंढ्यांना ठाऊक असतं. उन्हाळ्यात वीस मिनिटं. त्यातली सगळी वीस टेकाडाच्या आणि गडग्याच्या आड.

रूक सात मिनिटं बसतो.

मदतीला ओरडावं, तर तिच्या ओरडण्याने तो उठेल. पुन्हा शिट्टी मारून पक्कं करावं, असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. शिट्टी ओठांतच होती. दुसऱ्यांदा सांगितलंस की पहिलं खोटं ठरतं. तिने शिट्टी ओठांतून काढली आणि कोटाच्या खिशात घातली. एकदा हात वर केला. मग तिने त्याच्याकडे पाठ केली. आयुष्यात तिने केलेलं सगळ्यात अवघड काम ते, असं ती पुढे म्हणायची, आणि तिने दोन बाळंतपणं काढली होती.

ती धावली नाही. धावणारं माणूस कुत्र्याला बोलावतं. टेकाडाआड गेल्यावर मात्र ती धावली. पन्नाशीची बाई, रबरी बूट, गुडघाभर बर्फ. दोनदा पडली. पाच मिनिटं. आठ. फाटकाच्या साखळीवर बर्फ गोठला होता. तिने हातमोजे काढले, नखांनी खरवडला, नख उलटलं, साखळी सुटली. दहा मिनिटं. आता तो उठला असेल. आता त्याने दोन पावलं टाकली असतील. धप्प असा आवाज येईल का, की काहीच येणार नाही? पेगच्या वेळी आवाज आला होता. ती मोठ्याने म्हणाली, "देवा, आवाज येऊ दे, नको, नको येऊ दे," आणि आपण काय मागतोय ते तिलाच कळेना.

आणि मग शिट्टी आली.

पिप-पिप-पिप.

लांबून, पलीकडच्या टेकडीवरून. जोसी कोल्टर्ड, पक्षी वेचणारी दुसरी बाई, आपली कुत्री गोळा करत होती. तिला बिचारीला काय माहीत. शिट्ट्या सगळ्या खोऱ्यात मिळतात त्या एकाच दुकानात, एकाच बनावटीच्या. सूर इकडचा तिकडे होत नाही. शिवाय कोवळं धुकं उतरायला लागलं होतं, आणि धुक्यात आवाज कुठून येतो ते माणसालाही कळत नाही.

पिप-पिप-पिप. पुन्हा.

हिल्डा वाटेवर थिजली. हात खिशात गेला. आता लांब शिट्टी मारली तर? तो थांबेल, उठला असेल तिथे थांबेल. पण तो हलला नसेल तर? खालून, भलत्याच दिशेने, त्याच्या बाईचा आवाज. मग तो शोधायला निघेल. आणि शोधायला निघणं म्हणजे काय, हे तिने एकदा पाहिलं होतं. शिट्टी बोटांत होती. बोटातून रक्त येऊन ती बुळबुळीत झाली होती. तिने हात रिकामाच बाहेर काढला आणि चढायला लागली. तिला आता धावता येत नव्हतं. ती चार पायांवर चढली, हेदरच्या बुंध्यांना धरून, आणि चढताना एकच शब्द पुटपुटत होती, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. बस. बस. बस.

पलीकडच्या चढाच्या माथ्यावर आली तेव्हा आधी तिला काहीच दिसलं नाही. पांढरं धुकं, पांढरा बर्फ. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. वीस-पंचवीस पावलांवर काळा ठिपका होता.

ती पायाखालची जमीन बुटाच्या टोकाने चाचपत चाचपत गेली. ठिपक्याला कान आले. पाठ आली. पाठीवर दहिवर साचलं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. ती जिथून दिसेनाशी झाली होती, त्या टेकाडाकडे त्याची नजर होती. अंग थरथरत होतं, थंडीने की कशाने. तोंडात पक्षी तसाच.

ती मागून आली, पट्ट्याला दोर अडकवला आणि समोर हात धरला. "दे." त्याने पक्षी तिच्या हातात ठेवला. पक्षी मेला होता, पण त्याचं एक पीसही चुरगळलेलं नव्हतं.

मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. बुडाभोवतीचा बर्फ वितळून तिथलं गवत दिसत होतं, त्याच्या अंगाच्या मापाचं. आणि त्या गवताच्या पुढे बर्फात पावलांचे ठसे होते. दोन पुढच्या पायांचे, दोन मागच्यांचे. एक पाऊल पुढे, भोकाच्या दिशेने. मग तेच ठसे फिसकटलेले, उलटे. परत मागे.

जोसीच्या शिट्टीला तो उठला होता. एक पाऊल टाकलं होतं. आणि मग, रानात कुणी नसताना, समोर कुणी दिसत नसताना, तो मागे येऊन त्याच गवतावर पुन्हा बसला होता.

"उठला होतास ना?" हिल्डा म्हणाली. "मग परत बस म्हणून कुणी सांगितलं रे तुला? सांग ना. कुणी सांगितलं?"

ती त्याच्या शेजारी बर्फात बसली, मेलेला पक्षी मांडीवर घेऊन, आणि रडायला लागली. दोन वर्षांपूर्वी चॅपलच्या वळणावर रडायचं राहिलं होतं ते सगळं. खाली झोपडीजवळ व्हिटफील्डने ते ऐकलं आणि कुणीतरी पडलं असं समजून तो दोरखंड घेऊन धावत सुटला. रूकने मान वळवून तिचा गाल चाटला. पण उठला नाही. ऊठ असं त्याला अजून कुणी म्हटलं नव्हतं.